उस्ताद तुफैलचं शून्य

"एकशे ब्याऐंशी... एकशे त्र्याऐंशी..."

उस्ताद तुफैलचे ओठ हलत होते आणि तांब्याची तार पंख्याच्या पोटात वेढ्यावर वेढा घेत होती. तेवढ्यात शेजारच्या, बूटा नावाच्या लस्सीवाल्याने दुकानात डोकं घातलं.

"काय रे उस्ताद, तुझ्या मुलीच्या सासरी बिल आलं का?"

तार तुफैलच्या बोटांत तशीच राहिली, आकडा मात्र निसटला.

ही गोष्ट साधी नव्हती. गुजरांवाल्याच्या पंखेवाल्या गल्लीत असं सांगतात की चाळीस वर्षांत तुफैलचा आकडा कधी चुकला नाही. एकदा भूकंप झाला, सगळी गल्ली उघड्या डोक्याने रस्त्यावर धावली, आणि हा दोनशे बाराव्या वेढ्यावर गाठ मारूनच बाहेर आला. त्याच्या स्वतःच्या निकाहात काझीने तीनदा विचारलं, तेव्हाही हा मनात वेढेच मोजत होता म्हणून चौथ्यांदा "कबूल" म्हणाला. बशीराँ, म्हणजे त्याची बायको, हा किस्सा खोटा आहे असं शपथेवर सांगते. पण तिने तीनदा सांगितलं की चौथ्यांदा सांगायची सोय राहत नाही, एवढी गल्ली हसते.

"सुमेराकडे बिल कशाला येईल?" तुफैल म्हणाला. "बारा सोलर पॅनेल आहेत. ग्रीन मीटर आहे."

"ग्रीन मीटर!" बूटाने लस्सीचा ग्लास त्याच्यासमोर ठेवला. "नियम बदलला ते ऐकलं नाहीस? आता माझ्या भाषेत समजावून सांगतो. इतके दिवस आपण दुपारी वीज कंपनीला वाटीभर दही द्यायचो आणि रात्री वाटीभर परत आणायचो. बरोबर? आता दुपारी वाटी द्यायची, तिच्या बदल्यात रात्री चमचाभर मिळणार. उरलेलं बाजारभावाने विकत घ्यायचं, आणि तेही आपलंच दही!"

"तो नियम नव्या लोकांना. जुन्या करारांना मुदत संपेपर्यंत जुनाच हिशेब. टीव्हीवर सांगितलं."

"तेच म्हणतो. माझा करार जुना, म्हणून मी वाचलो. तुझ्या सुमेराचाही जुना. मग तिच्या सासऱ्यांच्या, हाजींच्या घरी बिल आलं असं तो कामोकीचा तांदूळवाला सकाळी का म्हणत होता?"

तुफैलने लस्सीला हात लावला नाही. त्याने सगळे वेढे उलटे सोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पण एकोणिसाव्या वेढ्यावर त्याला बदाम आठवले, आणि पुन्हा सगळं चुकलं.

बदामांची गोष्ट सांगायची तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

सुमेराचं लग्न ठरलं तेव्हा कामोकीचे हाजी सनाउल्ला म्हणाले होते, "आम्हाला काही नको, अल्लाचं दिलेलं सगळं आहे." असं म्हणणाऱ्याला काय काय हवं असतं हे पंजाबात मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग हे सगळेच देतात. तुफैलने बारा सोलर पॅनेल दिली. लग्नाच्या दिवशी अंगणातल्या बाजांवर रजया, भांडी, कपडे मांडले होते, आणि त्यांच्यामागे भिंतीला बारा निळ्या पाट्या अशा उभ्या होत्या की नवऱ्या मुलापेक्षा लोक त्यांच्याच शेजारी उभं राहून फोटो काढत होते. तांदूळ सडायच्या गिरणीचा मालकसुद्धा हात मागे बांधून त्यांच्यासमोरून दोनदा फिरून गेला.

मग रिवाजाप्रमाणे जहेजची, म्हणजे मुलीला दिलेल्या आंदणाची, यादी वाचली गेली. वाचणारे होते हाजींचे थोरले भाऊ, चाचा नियाज. जन्मभर पटवारी होते, त्यामुळे चमच्यांचा सेटसुद्धा जमिनीच्या तुकड्यासारखा चतुःसीमेसह वाचायचे. "सोलर पॅनेल, नग बारा. इन्व्हर्टर, नग एक. ग्रीन मीटर, नग एक."

"पण उस्ताद," वरातीतला कोणीतरी म्हणाला, "ढग आले तर? बिल नाही ना यायचं?"

एवढ्यावर हसून सोडून द्यायला हवं होतं. पण सगळी वरात आपल्याकडे बघते आहे, मुलगी लाल कपड्यांत बसली आहे, आयुष्यात पहिल्यांदा चौधरी लोक आपल्याला 'उस्ताद' म्हणताहेत! तुफैलची छाती पंख्यासारखी फुलली.

"लिहा, चाचा," तो म्हणाला. "विजेचं बिल शून्य. मरेपर्यंत."

चाचा नियाजनी चष्म्यावरून पाहिलं. पटवाऱ्याला कागदात मोघम काही चालत नाही. "कोणाच्या मरेपर्यंत?"

"माझ्या!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. चाचांनी अक्षर न् अक्षर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि हाजीसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तो कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला.

तेव्हापासून हाजीसाहेबांना तुफैलच्या तब्येतीची फार काळजी लागली. दर महिन्याला कामोकीहून अर्धा शेर बदाम यायचे. फोनवर पहिला प्रश्न असायचा, "उस्ताद, रक्तदाब तपासला?" एकदा तुफैलला साधा खोकला झाला, तर हाजी लाहोरचा हकीम गाडीत घालून घेऊन आले. बशीराँ म्हणायची, "माझ्या बापाने माझ्यासाठी तुमची एवढी चौकशी केली असती तर लग्नच झालं नसतं."

आणि या महिन्यात बदाम आले नव्हते.

दुकान लवकर बंद करून तुफैल घरी आला. बशीराँ फोन कानाला लावून उभी होती. त्याला बघताच तिने फोन त्याच्या हातात दिला.

"अब्बा," सुमेराचा आवाज हळू होता, जणू ती तोंडावर ओढणी धरून बोलते आहे. "उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर चाचा नियाज येणार आहेत. वरातीतली आणखी दोन-तीन माणसं. यादी काढायची म्हणतात. तुम्ही येऊ नका."

"येऊ नको म्हणजे? बिल आलंय का? किती आलंय? करार तर जुना आहे आपला..."

"तुम्ही आलात की बोलाल, अब्बा. म्हणून म्हणते, येऊ नका." पलीकडून कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

तुफैल बाजेवर बसला, उठला, पुन्हा बसला. "मुलीला पाठवून देतील का गं? पॅनेलसकट?"

"तुम्ही जा," बशीराँ म्हणाली. "पण फुशारकी इथे खुंटीला अडकवून जा. तिकडे ती घेऊन जायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॅगनमध्ये बसल्यावर तुफैलने जीटी रोडच्या दोन्ही बाजूंची छपरं मोजली. जिकडेतिकडे निळ्या पाट्या. पेट्रोल पंपावर, मशिदीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर. गेल्या वर्षी हे बघून त्याला आपलं राज्य आल्यासारखं वाटलं होतं. आज प्रत्येक छपराखाली एक बिल पडलेलं असेल असं वाटत होतं. शेजारचा प्रवासी वॅगन थांबेपर्यंत फोनवर ओरडत होता, "अरे, काढून टाकायची म्हणजे काय? भंगारवाला किती देतो विचार तरी!" तुफैलने कानात बोट घातलं.

वाटेत तो मनातल्या मनात भाषण तयार करत होता. करार जुना आहे. कंपनीची चूक असेल. मीटर वाचणाऱ्याने आकडा चुकीचा लिहिला असेल. आपण कंपनीच्या कचेरीत जाऊ, अर्ज देऊ. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी हाजीसाहेब म्हणत, "ते ठीक आहे, पण कागदावर काय लिहिलंय?" आणि तुफैल भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

हाजीसाहेबांचं घर लांबूनच ओळखू यायचं. एकेकाळी याच अंगणात हाजी उन्हाळ्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचे आणि पंखा लावला तर बायकोला विजेचा दर सांगायचे. बिल शून्य झालं आणि घराला हवा लागली. आधी एक एसी आला, मग दोन, मग बैठकीत, मग पाहुण्यांच्या खोलीत पाहुणे नसतानाही. गेल्या वर्षी हाजींना म्हशींची दया आली आणि गोठ्यात दोन एसी बसले. कामोकीत असं बोलतात की त्या म्हशींचं दूध काढल्यावर पातेल्यावर दव धरतं, आणि एका म्हशीला ऐन जेठाच्या उन्हाळ्यात सर्दी झाली तेव्हा गुरांच्या डॉक्टरने औषध न देता तिला दोन तास उन्हात उभी करायला सांगितलं.

दार जावई वकासने उघडलं. सलाम करून त्याने मान खाली घातली, आणि ती जी खाली गेली ती वर आलीच नाही.

"या उस्ताद," हाजी बैठकीतून म्हणाले. तब्येतीची चौकशी झाली नाही.

"हाजीसाहेब, ते बिल..."

"नमाजनंतर बोलू. चौघे जमतील तेव्हा. चौघांसमोर लिहिलेलं चौघांसमोरच वाचलेलं बरं."

तुफैल आत अंगणात गेला. सुमेरा चुलीपाशी होती. विहीणबाई, कुलसूमबीबी, बाजेवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "सुमेरा, बापाला छपरावर घेऊन जा. स्वतःचा माल स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत."

छपरावर ऊन असं होतं की कावळासुद्धा पाय उचलून उचलून चालत होता. बारा पॅनेल ओळीने तिरकी उभी. एकावरही धुळीचा कण नव्हता.

"रोज धुतेस?" तुफैलने विचारलं.

"रोज. पहाटे, फजरच्या नमाजनंतर." सुमेराने कपाळावरचा घाम पुसला. दोन वर्षांत ती वाळली होती, की उन्हात तशी दिसत होती, ते त्याला कळेना. "आता ऐका आणि मध्ये बोलू नका. चूक कंपनीची नाही, पॅनेलचीही नाही."

"मग?"

"गोठ्यातले एसी चालेनात. मीटरचा खटका सारखा पडायचा. इथले अब्बाजी म्हणाले, कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या. एप्रिलमध्ये वकास अर्ज घेऊन कचेरीत गेला. तिथल्या बाबूने साफ सांगितलं, भार वाढवला की जुना करार संपला, नवा करार नव्या नियमाने. वकासने घरी येऊन ते सगळं सांगितलं. मी तिथेच उभी होते."

"मग सही का केली?"

"अब्बाजी म्हणाले, सरकारच्या कागदावर काही का असेना, आपल्याकडे उस्तादचा कागद आहे. मरेपर्यंत शून्य."

तुफैलच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो हसला. टाळी वाजवून म्हणाला, "सुटलो! अगं, सुटलो की! स्वतःच्या हाताने करार मोडला! म्हशींपायी! थांब, आता चौघांसमोर असा वाजवतो हाजीला की..."

तो जिन्याकडे निघालाही. सुमेराने त्याची बाही धरली.

"आणि मग?"

"मग काय? खरं ते खरं."

"खरं सांगाल, चौघांसमोर त्यांची मान खाली घालाल, आणि संध्याकाळची वॅगन पकडून गुजरांवाल्याला जाल. गल्लीत सांगाल, हाजीला कसा गप्प केला. आणि मी? हा जिना उतरून मी कुठे जाणार, अब्बा? घरातलं बोलणं मी तुम्हाला सांगितलं, हे त्यांना कळायला किती वेळ लागेल?"

तुफैलची बाही तिच्या मुठीतच होती.

"म्हणजे खोटा मी ठरू?"

"खोटे नाही. मोठं बोललात, एवढंच." ती एका पॅनेलच्या सावलीत उकिडवी बसली. "दोन वर्षं तुमचं ते शून्य माझ्या डोक्यावर बसलंय. घरात कोणी दिवा लावला की म्हणतात, सुमेराच्या बापाची वीज. शेजारणी इस्त्री करायला कपडे घेऊन येतात, सुमेराच्या बापाची वीज. नणंदेच्या मुलाने रात्रभर टीव्ही चालू ठेवला, चालू दे, सुमेराच्या बापाची आहे. ढग आले की सगळे माझ्याकडे बघतात. मी सांगितलं होतं का तुम्हाला असं लिहायला?"

तुफैलने हात पुढे करून एका पॅनेलला लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"यादीतून ती ओळ काढा," सुमेरा म्हणाली. "पॅनेल राहू देत. ती चांगली आहेत."

नमाजनंतर बैठक भरली. चाचा नियाज, गिरणीचा मालक, आणखी दोन पांढऱ्या दाढ्या. हाजींनी एसी लावला नव्हता. बिल किती वाईट आहे हे दाखवायला मुद्दामच. सगळे टोप्यांनी वारा घेत होते. पडद्याआड कुलसूमबीबींच्या बांगड्या वाजत होत्या.

चाचांनी प्लास्टिकमधला कागद डोळ्यांसमोर धरला. "अनुक्रमांक चौदा. विजेचं बिल शून्य. मुदत, उस्ताद तुफैल यांच्या मरेपर्यंत." मग तुफैलकडे बघून, जणू खात्री करून घ्यावी तसं म्हणाले, "आणि उस्ताद हयात आहेत."

"अल्लाच्या कृपेने," गिरणीवाला म्हणाला.

"तर दोन वाटा आहेत," हाजी म्हणाले. त्यांनी हे वाक्य रात्रभर घोळवलं असावं. "एक, दर महिन्याला जे येईल ते उस्तादने भरावं. लिहून दिलंय. दोन, यादीतून सोलर खोडू, आणि खाली लिहू की जहेज तेवढं कमी आलं. आम्ही मागितलं नव्हतं. पण दिलं म्हणून सांगितलं आणि निघालं भलतंच, हे चौघांना कळलं पाहिजे."

पडद्याआडून कुलसूमबीबी म्हणाल्या, "आणि ती छपरावरची ताटं घेऊन जा म्हणावं. पापड वाळवायलाही जागा राहिली नाही."

कोणीतरी हसलं. तुफैलने वकासकडे पाहिलं. वकास गालिच्यावरचं एक फूल असं निरखत होता की जणू ते आत्ताच उमललं. सगळं तुफैलच्या जिभेवर तयार होतं. एप्रिल. अर्ज. बाबू. म्हशी. चार शब्द, आणि बैठक उलटली असती. आयुष्यभर ज्या जिभेला त्याने कधी अडवलं नव्हतं, ती दातांच्या आत धडका मारत होती.

त्याने पाण्याचा ग्लास उचलला, सगळा प्याला, खाली ठेवला.

"हाजीसाहेब, जहेज कमी नाही आलं," तो म्हणाला. "बारा पाट्या लिहिल्या, बारा आहेत. मोजा. जास्त आलं ते माझं तोंड. सूर्याशी माझी बोलणी झाली नव्हती, सरकारशीही नाही. मुलगी द्यायच्या आनंदात मी ऐपतीपेक्षा मोठा शब्द दिला. ती ओळ मी खोडतो. बाकी यादी तशीच राहू द्या."

चाचा नियाजनी पेन पुढे केलं. पण प्लास्टिकवर शाई धरेना. नुसत्या रेघा उमटून पुसल्या जात होत्या. तेव्हा तुफैलने खिशातून आपली छोटी सुरी काढली, तारेवरचं वार्निश खरवडायची, आणि चौदाव्या ओळीवरचं प्लास्टिक कापून काढलं. मग खालची अक्षरंही खरवडली. चाळीस वर्षांचा हात. शेजारच्या ओळींतल्या पलंगाला आणि रजयांना धक्कासुद्धा लागला नाही.

"मोठं बोलणारा माणूस आहे हो हा," एक दाढी दुसऱ्या दाढीच्या कानात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू. "लग्नातच मला शंका आली होती."

तुफैलचे कान लाल झाले. तो सुरीवरची भुकटी फुंकत राहिला.

माणसं उठून गेल्यावर हाजी तसेच बसून होते. मग एकदम त्यांनी आवाज खाली आणला. "उस्ताद, यादीबिदी जाऊ दे. खरं सांग. मलाही झोप नाही या बिलापायी. त्या पाट्या आता ठेवायच्या की विकायच्या? सगळं गाव विचारतंय. काय फायदा आहे त्यांचा?"

हाजींचा हा चेहरा तुफैलने पूर्वी पाहिला नव्हता. दुकानात पंखा घेऊन येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचा असतो, तसा.

"ठेवा," तुफैल म्हणाला. "पण आता ती कंपनीसाठी नाहीत, घरासाठी आहेत. दुपारी वीज विकून रात्री परत आणायची, तो धंदा बुडाला. त्याला रडून उपयोग नाही. जे काय चालवायचं ते ऊन असताना चालवा. पंप, धुणं, इस्त्री, पिठाची चक्की, सगळं दहा ते तीन. तेवढी वीज आपली, तिला कोणाचा नियम लागत नाही. रात्रीचे एसी मात्र खातात. दोन विका आणि त्या पैशांत एक बॅटरी घ्या. बिल शून्य नाही येणार, हाजीसाहेब. येईल. पण परवडेल."

"आणि रात्री उकडेल त्याचं काय?"

"तुमचे पंखे जुने. एकेक ऐंशी वॅट खातो. पोट बदलून चुंबकाचं बसवलं की तिसात भागतो, बॅटरीवर रात्रभर फिरतो. नऊ पंखे आहेत. मी करून देतो."

"म्हशींना पंखा पुरेल?"

"माझ्या हातचा पंखा लावा, हाजीसाहेब, म्हशी रजया मागतील, आणि..." तुफैल थांबला. "पुरेल," तो म्हणाला.

रविवारी तो तार, चुंबकं आणि वेढे घालायचं यंत्र घेऊन आला. पंखे दुकानात नेले असते तर चार दिवस घरात उकडलं असतं, म्हणून त्याने अंगणातच, दाराजवळ सावली बघून, पोतं अंथरलं. एकेक पंखा उतरवायचा, खोलायचा, भरायचा, पुन्हा टांगायचा. सुमेराने नव्याने भरून फिरायला लागलेले दोन पंखे खाली उभं राहून पाहिले आणि आत गेली. हाजी बाजेवर बसून जपमाळ ओढत होते. मधूनमधून उठून तारेचं टोक धरायचे. वकास बॅटरी आणायला बाजारात गेला होता.

दूध न्यायला शेजारच्या गल्लीतला एक शिंपी आला. गोठ्याकडे जाता जाता पोत्यापाशी थांबला, खाली वाकून बघायला लागला.

"वा! हात बघा कसा चालतो. हाजीसाहेब, मेकॅनिक कुठला आणलात?"

हाजींची जपमाळ एका मण्यावर अडली. त्यांनी तुफैलकडे पाहिलं, मग गोठ्याकडे.

"गुजरांवाल्याचा आहे," ते म्हणाले.

तुफैलने मान वर केली नाही. तार ओढून घट्ट केली.

"मग आमचेही दोन करून घेऊ की," शिंपी म्हणाला. "काय घेता हो, उस्ताद, एका पंख्याचे?"

तुफैल काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून सुमेरा बाहेर आली. आत कुलसूमबीबींनी चहा गाळला होता, आणि गाळताना नेहमीच्या सवयीने हात फडताळातल्या, पाहुण्यांसाठीच्या सोनेरी काठाच्या कपांकडे न जाता खालच्या फळीकडे गेला होता. तिथे गवंडी, सुतार आले की वापरायचे, कड उडालेले निळे कप असतात. सुमेराच्या हातात तसाच एक कप होता. अंगणाच्या मधोमध ती क्षणभर थबकली. मग सरळ पोत्यापाशी आली, गुडघे टेकून बसली आणि जरुरीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"अब्बा, चहा घ्या."

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं, तुफैलकडे पाहिलं, आणि मग हाजींकडे पाहायचं टाळून रिकामं दुधाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. हाजी तारेच्या भेंडोळ्यातली एक गाठ सोडवण्यात फार गुंतले होते.

तुफैलने कप घेतला. कड उडालेली बाजू पलीकडे फिरवून, फुंकर घालत, सगळा चहा संपवला. मग उठून नळाखाली कप स्वतः विसळला, कामावर आलेली माणसं विसळतात तसा, आणि भिंतीवर पालथा ठेवून चौथ्या पंख्याचे स्क्रू खोलायला बसला.